वेळाधिकारी दीडला निघाले

रंगराव धडफळ्यांना उशीर झाला, असं शनिवार पेठेत कुणी म्हटलं असतं, तर ऐकणाऱ्याने आधी बोलणाऱ्याच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला असता. स्वतःच्या लग्नात ते भटजींच्या आधी बोहल्यावर येऊन उभे होते, असं त्यांच्या पत्नी दीपमालाबाई अजून सांगतात. त्यात कौतुक किती आणि तक्रार किती, हे एवढ्या वर्षांत कुणाला उलगडलेलं नाही.

हे रंगराव खो-खोचे वेळाधिकारी. खो-खोच्या सामन्यात मॅटवर दोन पंच पळत असतात, ते सगळ्यांना दिसतात. कडेच्या टेबलाशी आणखी एक माणूस हातात घड्याळ घेऊन बसलेला असतो, तो कुणाला दिसत नाही. नऊ मिनिटांच्या डावात एकेक मिनिट सरलं की तो मोठ्याने पुकारतो आणि डाव संपला की लांब शिट्टी देतो. सामना पाहून आलेल्या माणसाला विचारा, पंच कोण होते? तो नावं सांगेल, वर शिव्याही देईल. वेळाधिकारी कोण होते विचारलंत तर म्हणेल, ‘ते पाणी वाटत होते ते का?’ रंगराव मात्र या कामाकडे न्यायमूर्तीच्या गांभीर्याने पाहत. कुणी पाहत नसताना माणूस जितका ताठ बसू शकतो, तितके ताठ ते त्या टेबलाशी बसत.

गेल्या वर्षी परतीच्या पावसात एक उपांत्य सामना रखडला. एक पंच आला, मग दुसरा आला, मग गुणलेखक वरातीमागून घोडं आल्यासारखा आला, आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य: ‘काय पाऊस हो!’ रंगराव अर्थातच वेळेआधी येऊन बसले होते. खो-खो संघटनेच्या पुढच्याच बैठकीत त्यांनी उभं राहून नियम मांडला, की अधिकारी उशिरा आल्यास, कारण कोणतेही असो, त्याचे नाव पॅनेलवरून कमी करावे. पावसाची सबब ऐकली जाणार नाही. शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा वाचलं. नियम एकमताने मंजूर झाला, कारण चहा आला होता.

आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेण्याची ही रीत जुनीच आहे, पण रंगराव तेवढ्यावर थांबले नाहीत. नियमासोबत उपायही पाहिजे, म्हणून त्यांनी एक योजना काढली. अधिकाऱ्यांनी वेगवेगळं न येता एकाच गाडीतून यायचं. म्हणजे एक आला आणि दुसऱ्याची वाट पाहत बसलो, हा प्रकारच बंद. योजनेत तार्किक दोष कुठेही नव्हता, आणि पुढे जे झालं त्यातही तो निघाला नाही. अंतिम सामन्याच्या दिवशी कुणीही कुणाच्या मागून आलं नाही.

मुलींचा अंतिम सामना हडपसरला होता, संध्याकाळी पाचला. कात्रजचा संघ विरुद्ध हडपसरचा संघ. जागा एका मंगल कार्यालयाचा पत्र्याचा हॉल, त्यात मॅट अंथरलेली. मैदान कोरडं राहावं याची संघटनेने चोख व्यवस्था केली होती. माणसं तिथवर कशी पोहोचायची, हे मात्र ज्याच्या त्याच्यावर सोडलं होतं. परतीचा पाऊस सकाळपासून लागला होता. याला परतीचा का म्हणतात कळत नाही, कारण परत जायचं नाव तो कधी काढत नाही.

दीडला निघायचं ठरलं होतं. रंगराव पांढरा शर्ट, पांढरी पँट चढवून दाराशी आले, तर दीपमालाबाई छत्री घेऊन उभ्या.

“नको,” रंगराव म्हणाले.

“पाऊस पडतोय.”

“पडू दे. छत्री घेतली म्हणजे मी त्याला मान दिल्यासारखं होतं. मी नियमात काय म्हटलंय? पावसाची सबब चालणार नाही. मग पावसाची छत्री कशी चालेल?”

दीपमालाबाईंनी छत्री पुन्हा खुंटीला अडकवली. “बरं. मग मान न देता भिजा,” असं म्हणून त्या आत गेल्या.

रंगरावांनी एक मात्र केलं. आपलं स्टीलचं, चावीचं घड्याळ नॅपकिनमध्ये गुंडाळलं, नॅपकिन प्लास्टिकच्या पिशवीत घातला, पिशवी फराळाच्या डब्यात ठेवली आणि डब्याचं झाकण बसवून तो छातीशी धरला. स्वतःसाठी छत्री न घेणाऱ्या माणसाने घड्याळाचे इतके लाड करावेत यात विसंगती आहे, पण ती दाखवायला जिन्यात कुणी थांबलं नव्हतं. जिन्यात जे थांबले होते ते रस्ता सांगायला.

“हडपसरला? आज?” तळमजल्यावरच्या विमलाबाई दारातूनच म्हणाल्या. “अहो, आदल्या दिवशी निघायचं होतंत.”

“सामना आज पाचला आहे, विमलाबाई.”

“म्हणूनच म्हणते. काल निघाला असतात तर आज पाचला पोहोचला असतात.”

तिसऱ्या मजल्यावरचा पियुष, आयटीतला, मोबाइल नाचवत धावत खाली आला. “काका, कॅम्पातून अजिबात नको, फुल रेड दाखवतंय. तुम्ही कोंढवा साइडने टर्न मारा, तिथून एक आतला रोड आहे, एकदम सॉर्टेड.” समोरच्या इस्त्रीवाल्याचं मत मुंढव्यावरून जावं असं होतं. दूध घ्यायला आलेल्या एका गृहस्थांचं मत होतं की मुंढव्यावरून जायचं तर पोहण्याचे कपडे न्यावेत. या गृहस्थांना कुणीही ओळखत नव्हतं. पुण्यात रस्ता सांगायला ओळख लागत नाही.

“मी सरळ रस्त्याने जाणार आहे,” रंगराव म्हणाले आणि भर पावसात ताठ मानेने व्हॅनपर्यंत चालत गेले. पावलं पाच-सहाच होती, पण शर्ट तेवढ्यात अंगाला चिकटला.

व्हॅन हुसेन बागवानांची. मंडईत त्यांचा फळांचा पिढीजात गाळा, आणि शनिवार-रविवार ते खो-खोचे पंच. गाडीत सीताफळांचा वास भरून राहिला होता. मागच्या सीटवर दुसऱ्या पंच, सत्यशीलाताई, शाळेत खेळाच्या शिक्षिका; नुसतं ‘हं’ म्हणून अख्खा वर्ग खाली बसवणाऱ्या. तिघांचेही कपडे पांढरेशुभ्र आणि पांढरे बूट पिशवीत. पावसाळ्यात खेळवल्या जाणाऱ्या सामन्याच्या अधिकाऱ्यांना पांढरा गणवेश कुणी ठरवला, हा संशोधनाचा विषय आहे.

“सर, छत्री?” सत्यशीलाताईंनी विचारलं.

“नाही.”

“विसरलात?”

“आणली नाही.”

या दोन्हींतला फरक सत्यशीलाताईंना उत्तर देण्याच्या पद्धतीवरून कळला, आणि त्या खिडकीबाहेर पाहू लागल्या.

स्वारगेटपर्यंत सगळं ठीक होतं. पूलगेटला गाडी थांबली, म्हणजे सिग्नलला नव्हे, तर उगाचच. मग सरकली, पुन्हा थांबली. फातिमानगरला शेजारच्या रिक्षातल्या बाईंनी आपल्या मुलीकडून पाढे म्हणून घ्यायला सुरुवात केली, ती दोनापासून. मुलीचा सतराचा पाढा आला तेव्हा व्हॅन रिक्षाच्या मागे होती आणि एकोणिसाचा आला तेव्हा पुन्हा बरोबरीला. सतराच्या पाढ्यात एक चूक झाली ती सत्यशीलाताईंनी काच खाली करून दुरुस्त केली.

तेवढ्यात प्रज्ञेशचा फोन आला. प्रज्ञेश म्हणजे संघटनेचा नवा चिटणीस. बैठकीचं इतिवृत्तसुद्धा तो मोबाइलवर अंगठ्याने लिहायचा.

“सर, कुठे आहात?”

“फातिमानगर.”

“लाइव्ह लोकेशन शेअर करा ना सर.”

“अरे, सांगितलं ना फातिमानगर. आणि बराच वेळ इथेच असणार आहे, घाईने टिपून घ्यायची गरज नाही.”

“सर, इश्यू असा आहे, की साडेसातला हॉल हळदीला द्यायचाय. दोन्ही टीम रेडी आहेत. तुम्ही टाइमात नाही पोहोचलात तर आपण टॉस करून टाकू. गजाशेठ चीफ गेस्ट आहेत, त्यांच्याच हस्ते कॉइन उडवू. फोटो पण भारी येईल.”

“काय करू?”

“टॉस, सर. जो जिंकेल त्याला कप.”

हुसेनभाईंनी वळून पाहिलं, तर रंगरावांच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. वर्षभर या मुली पहाटे उठून धावल्या, गुडघे सोलून घेतले, घरच्यांची बोलणी खाल्ली, आणि आता कप कुणाला ते एक नाणं ठरवणार? नाण्याचे गुडघे कधी फुटत नाहीत. रंगरावांना राग आला, आणि तो पावसाचा नव्हता.

“प्रज्ञेश, सामना होईल,” ते म्हणाले. “नाणं खिशात ठेव.”

“सर, आणि तो लेट येण्याचा रूल... म्हणजे तुमचाच आहे म्हणून बोलतोय. नावं काढावी लागतील. तुमची तिघांची.”

“काढ. माझं आधी काढ.”

“तसं तुम्ही नसलात तरी चालून जाईल सर, टायमर मोबाइलमध्ये पण असतो.”

“पंच असतात का मोबाइलमध्ये?” असं विचारून रंगरावांनी फोन बंद केला. पण ‘टायमर मोबाइलमध्ये पण असतो’ हे वाक्य त्यांना पुढे रामटेकडीपर्यंत सलत राहिलं. त्यांनी डब्याचं झाकण पुन्हा एकदा दाबून पाहिलं.

रामटेकडीच्या पुढे रस्त्याचा ओढा झाला होता. हुसेनभाईंनी बिस्मिल्ला म्हणून व्हॅन पाण्यात घातली. बरोबर मध्यावर तिने एक उचकी दिली.

“बसली,” हुसेनभाई म्हणाले.

“कोण?”

“गाडी. आपण तर दीडपासून बसलेलेच आहोत.”

बंद पडलेल्या गाडीभोवती पुण्यात माणसं कुठून उगवतात, देव जाणे. पाणी पोटरीपर्यंत, वरून धो धो, तरी सहा-सात जण जमले. एक म्हणाला सेल्फ मारू नका, दुसरा म्हणाला मारा. तिसऱ्याने ‘सायलेन्सरमध्ये पाणी गेलं असणार’ असं निदान केलं आणि ते बरोबर आहे का हे पाहायला न थांबता निघून गेला. एका स्कूटरवाल्याने रेनकोटातून तोंड बाहेर काढून विचारलं, “का हो, मध्येच थांबलात?”

“पाऊस बघतोय,” रंगराव म्हणाले. “घरून नीट दिसत नाही.”

सगळ्यांनी मिळून व्हॅन कडेला ढकलली. त्यात रंगरावांनीही हात लावला, पण एकच. दुसऱ्या हातात डबा डोक्यावर धरला होता. ढकलून झाल्यावर तिघांच्या कपड्यांचा रंग चहासारखा झाला. पाच वाजून गेले होते. आयुष्यात पहिल्यांदाच रंगराव धडफळे उशिरा होते, आणि ते मंडईतल्या एका व्हॅनशेजारी, अनवाणी, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून.

“फोन करू या का, सर?” सत्यशीलाताईंनी हलकेच विचारलं. “येता येत नाही म्हणून? पोरी समजून घेतील.”

“पोरी समजून घेतील. म्हणूनच नाही करायचा,” रंगराव म्हणाले. “मी चालत निघालो.” आणि ते खरोखरच हडपसरच्या दिशेने चालू लागले. पाण्यातून, खड्ड्यांतून, बंद पडलेल्या रिक्षांच्या रांगेतून. दोघे पंच बूट गळ्यात अडकवून त्यांच्या मागे. एकदा रंगरावांचा पाय खड्ड्यात गेला आणि ते कमरेपर्यंत बुडाले. पण डबा वरच राहिला.

मागून एक उंच टेम्पो पाणी कापत आला आणि त्यांच्याशेजारी थांबला. पुढे ड्रायव्हरजवळ कपाळभर कुंकू लावलेल्या एक थोराड बाई बसल्या होत्या.

“ओ पांढरे कापडंवाले! ब्यांडवाले हाय का तुमी? हळदीच्या हॉलवर चाललाय?”

अपमानांचा कोटा संपला असं रंगरावांना वाटलं होतं, तेवढ्यात हा आला. “आम्ही बँडवाले नाही,” ते पाण्यात उभे राहून म्हणाले. “आम्ही खो-खोचे अधिकारी आहोत. मी वेळाधिकारी आहे.”

बाईंनी त्यांना वरपासून पाण्याच्या रेषेपर्यंत न्याहाळलं. “मंजी त्या हॉलात पोरी खेळायला थांबल्यात, त्यांचं तुमीच व्हय? आवं, तुमच्यापायी माझा सैपाक अडून राहिलाय! पोरी हॉल सोडतील तवा मी चुली मांडीन. बसा मागं, बसा बिगीनं! साडेसातला हॉल रिकामा नाय झाला ना, तर मी तुमालाच हळद लावीन.”

या गोदाबाई. हडपसर भागातल्या हळदी-बारशांच्या जेवणावळी त्यांच्या हातच्या. टेम्पोत पातेली, कांद्याची पोती, तेलाचे डबे आणि पीठ. तिघेही पालथ्या पातेल्यांवर बसले. आयुष्यात इतक्या अपमानास्पद आसनावर आपण इतक्या आनंदाने कधी बसलो नव्हतो, हे रंगरावांना मनातल्या मनात मान्य करावं लागलं.

थोडं पुढे गेल्यावर एक पांढरी भलीमोठी मोटार पाण्यात दारांपर्यंत उभी दिसली. तिची दारं उघडत नव्हती. एक गृहस्थ खिडकीतून निम्मे बाहेर आले होते. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, मनगटात कडं, बोटांत अंगठ्या. निम्मे अजून आत होते आणि ते बाहेर यायला तयार नव्हते.

“ए, थांबव! थांबव रे!” गृहस्थ ओरडले. “मी गजाशेठ! ओळखलं नाही का?”

“वळखलं की,” गोदाबाई म्हणाल्या. “चौकाचौकात फलकावर बघती. फलकावर बारीक दिसता.”

फलकावर गजाशेठच्या नावामागे ‘युवा नेते’ असं असे. तसं गेली वीस वर्षं होतं. हुसेनभाईंनी आणि ड्रायव्हरने एकेक हात धरून त्यांना खिडकीतून ओढून काढलं आणि टेम्पोत चढवलं. ते सर्वांत मोठ्या पातेल्यावर बसले, जे रंगरावांचं होतं. रंगराव उठून पिठाच्या पोत्यावर गेले.

“कार्यक्रम कितीला होता?” गजाशेठने रुमालाने मान पुसत विचारलं.

“पाचला.”

“मग वेळेत आहे की मी. पाचच्या कार्यक्रमाला सातच्या आधी गेलं की माणसं जमलेली नसतात.” त्यांना खरंच तसं वाटत होतं. रंगरावांच्या कानाच्या पाळ्या पुन्हा लाल झाल्या.

टेम्पो हॉलच्या दारात लागला तेव्हा सहा वाजले होते. प्रज्ञेश छत्री आणि हार घेऊन धावत आला. आधी गजाशेठ उतरले. फटाक्यांची माळ लावायचा प्रयत्न झाला, ती भिजली होती. प्रज्ञेशने कॉर्डलेस माइक तोंडाशी धरला आणि त्याचा आवाज पत्र्यावरून घुमला: “आपल्या अमूल्य वेळातून वेळ काढून, एवढ्या प्रतिकूल हवामानात, केवळ खेळाडूंच्या प्रेमापोटी, एका सामान्य माणसाप्रमाणे टेम्पोतून प्रवास करत आलेले आपले लाडके पाहुणे...” टाळ्या झाल्या.

मग पिठाने माखलेले रंगराव उतरले. प्रज्ञेशने माइक खाली केला आणि दबक्या आवाजात म्हणाला, “सर, तासभर लेट.”

“आणि ते?”

“ते चीफ गेस्ट आहेत, सर.”

“आम्ही एकाच टेम्पोतून आलो, प्रज्ञेश. मोठ्या पातेल्यावर ते होते, पोत्यावर मी होतो.”

“तसं नसतं ना पण सर,” प्रज्ञेश कळवळून म्हणाला. तसं नसतं, हे अख्ख्या पुण्याला माहीत आहे.

आत दोन्ही संघ मॅटच्या कडेला बसून कंटाळले होते. अधिकारी आत येताना पाहून मुली एकदम उठल्या. हडपसरची कर्णधार उत्कर्षा, काटक, वेणी घट्ट बांधलेली, तिने नुसतं कमरेवर हात ठेवून पाहिलं. रंगरावांनी हॉलच्या घड्याळाकडे बोट केलं आणि मान हलवली. होईल, असा त्याचा अर्थ होता. हुसेनभाईंनी लगेच आधी कोण पळणार आणि कोण मारणार यासाठीची नाणेफेक उरकली. नाण्याचं काम तेवढंच. कात्रजच्या मुलींनी मारायचं, म्हणजे पाठलागाचं, घेतलं. चार डाव, मधल्या विश्रांती, सगळं धरून तास-सव्वा तास. आत्ता सुरू झालं तर कसंबसं बसत होतं.

“आणि आता,” प्रज्ञेशचा माइक पुन्हा गरजला, “मान्यवरांनी दोन शब्द बोलावेत!”

गजाशेठ माइक घेऊन मॅटकडे निघाले. “बूट काढा,” सत्यशीलाताई म्हणाल्या. अख्खा वर्ग ज्या आवाजाने बसतो तोच आवाज. गजाशेठने मुकाट्याने बूट काढले आणि ते अनवाणी मॅटच्या ऐन मध्ये, दोन खांबांच्या मधोमध जाऊन उभे राहिले.

“खो-खो हा आपल्या मातीतला खेळ,” त्यांनी सुरुवात केली. “मीसुद्धा लहानपणी...”

गजाशेठचे दोन शब्द पाऊण तासाचे असतात, हे हडपसरच्या मुलींना शाळेच्या स्नेहसंमेलनांमुळे माहीत होतं. त्यांचे चेहरे पडले. रंगराव टेबलाशी जाऊन ताठ बसले. त्यांनी डब्याचं झाकण काढलं, पिशवी सोडली, नॅपकिन उलगडला. घड्याळ खडखडीत कोरडं होतं. त्यांनी चावी दिली आणि कळ दाबली.

“...तर आमच्या वेळी मॅट नव्हती, माती होती. मातीची ओढ...”

“एक मिनिट!” रंगराव कडाडले.

गजाशेठ थबकले. “का? थांबू का?”

“नाही, नाही. चालू द्या.”

गजाशेठ पुन्हा मातीकडे वळले. मातीवरून शेतीकडे, शेतीवरून विकासाकडे. “दोन मिनिटं!” प्रज्ञेश वाकत वाकत टेबलापाशी आला. “सर, हे काय करताय?”

“माझं काम.”

“अहो, ते मॅचमध्ये!”

“मॅटवर जे चालतं त्याची वेळ वेळाधिकारी लावतो,” रंगराव समोरून नजर न हलवता म्हणाले. “ते मॅटवर उभे आहेत.”

प्रज्ञेशला नियमावलीत याच्या उलट काही आहे का ते आठवेना, कारण त्याने ती वाचली नव्हती. “तीन मिनिटं!” मुलींनी टाळ्या वाजवल्या. “चार मिनिटं!” हे पुकारायला दोन्ही संघ रंगरावांबरोबर होते. गजाशेठला हा आपल्या भाषणाला मिळणारा प्रतिसाद वाटला आणि ते जास्तच रंगात आले. रस्ते, पाणी, उड्डाणपूल. “सहा मिनिटं!” दारात उभ्या गोदाबाईसुद्धा ओरडल्या. आठव्या मिनिटाला गजाशेठ म्हणाले, “आता मी मूळ मुद्द्याकडे येतो.”

नवव्या मिनिटाला रंगरावांनी शिट्टी तोंडात धरली आणि छातीत होती नव्हती तेवढी हवा तिच्यात फुंकली.

आता खो-खोच्या मुलींचं असं असतं, की शिट्टी कानात गेली की पाय डोक्याला विचारत नाहीत. कात्रजच्या आठ जणी वाऱ्यासारख्या मॅटवर आल्या आणि एक इकडे तोंड, एक तिकडे तोंड करून आपापल्या चौकोनात बसल्यासुद्धा. नववी खांबापाशी उभी. हडपसरच्या पळणाऱ्या तीन पोरी आत शिरल्या. हुसेनभाईंनी एकवार रंगरावांकडे पाहिलं, एकवार वरच्या पत्र्याकडे पाहिलं, आणि सामना सुरू केल्याची शिट्टी दिली.

गजाशेठ मध्ये उभे. “मूळ मुद्दा...” ते म्हणाले, तेवढ्यात त्यांच्या मागून ‘खो!’ झालं. एक पोरगी त्यांच्या डाव्या बगलेतून गेली, दुसरी उजव्या. त्यांनी माइक छातीशी धरला आणि ते पळाले. खरं सांगायचं तर बरे पळाले. लहानपणाचं ते खोटं बोलले नव्हते.

मग झाला तो सामना. पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता की स्वतःचं बोलणं स्वतःला ऐकू येईना, पण मिनिटाचा पुकारा मॅटच्या दोन्ही टोकांना ऐकू गेलाच पाहिजे. रंगराव प्रत्येक मिनिट बेंबीच्या देठापासून ओरडत होते. तिसऱ्या डावात घसा बसला, तरी ओरडत होते. मोबाइलमधल्या टायमरला हे जमलं असतं का, असं मध्येच त्यांच्या मनात येऊन गेलं, आणि त्यांनी प्रज्ञेशकडे एक कटाक्ष टाकून घेतला. दारात हळदीची माणसं तरातरा येऊन उभी राहिली होती. तीही सामना बघू लागली. नवरीचे मामा कात्रजच्या बाजूने ओरडायला लागले.

शेवटचा डाव हडपसरने मारायचा. एक गडी बाद केला की बरोबरी. शेवटचे क्षण. उत्कर्षाला खो मिळाला, पळणारी खांबाकडे वळली, उत्कर्षाने अंग झोकून सूर मारला, आणि रंगरावांची लांब शिट्टी झाली. शिट्टी आणि हात यांत एका श्वासाचं अंतर होतं. कात्रज एका गुणाने जिंकलं.

उत्कर्षा मॅटवरून उठली ती तडक टेबलाशी आली. कोपरं सोललेली, डोळ्यांत पाणी आणि आवाजात आग. “सर, तुम्ही शिट्टी आधी वाजवली!”

“नऊ मिनिटं झाली.”

“माझा हात लागला होता तिला!”

“लागला. शिट्टीनंतर.”

“तुमचं घड्याळ भिजलंय!”

“मी भिजलोय,” रंगराव बसलेल्या घशाने म्हणाले. “घड्याळ नाही.” आणि त्यांनी ते तिच्यासमोर धरलं. नऊ मिनिटं, त्यावर काटा केसभरही पुढे नाही. उत्कर्षा त्या काट्याकडे पाहत राहिली, मग रंगरावांकडे, मग पुन्हा काट्याकडे. तिने टेबलावर मूठ आपटली. रंगरावांना इतका आनंद कित्येक दिवसांत झाला नव्हता. नाणं वर गेलं असतं, खाली आलं असतं, फोटो निघाला असता. ही पोरगी मग भांडली असती कुणाशी?

कोपऱ्यात प्रज्ञेश मोबाइल घेऊन घुटमळत होता. “सर, ते पॅनेलचं... म्हणजे रूल आहे म्हणून. ग्रुपवर टाकायचं होतं.”

“टाक ना. पण क्रमाने टाक. टेम्पोतून आधी कोण उतरलं?”

“गजाशेठ.”

“मग उशिरा आले म्हणून आधी त्यांचं नाव त्या फलकावरून उतरव. माझं त्यानंतर काढ.”

प्रज्ञेशने व्यासपीठावरच्या, गजाशेठचा फोटो असलेल्या फलकाकडे पाहिलं आणि त्याचा चेहराच उतरला. पण गोदाबाईंची दोन माणसं तोवर स्टुलावर चढली होती. “काढा रे ते थोबाड,” गोदाबाई खालून सांगत होत्या, “तिथं नवरीचं नाव लावायचंय. झेंडूच्या माळा कुठं हायेत?” फलक एका बाजूने सुटला, मग दुसऱ्या, आणि युवा नेते घडी होऊन कांद्याच्या पोत्यांशेजारी गेले.

“उतरलं, सर,” प्रज्ञेश म्हणाला.

“मग काढ माझं.”

प्रज्ञेशने मोबाइल उघडला. आजूबाजूला दोन्ही संघांच्या मुली उभ्या होत्या, जिंकलेल्या आणि हरलेल्या, आणि सगळ्या त्याच्या अंगठ्याकडे पाहत होत्या. अंगठा वर गेला, तसाच थांबला. “सर, रेंज नाहीये इथे,” तो म्हणाला. “पावसामुळे.”

“पावसाची सबब चालत नाही,” रंगराव म्हणाले. “काढ!”

“काही काढू नका हो!” उत्कर्षा मध्येच ओरडली. अजून तिचा राग गेला नव्हता. “पुढच्या महिन्यात कात्रजला आमची यांच्याशीच मॅच आहे. मला ह्याच घड्याळावर हरवायचंय त्यांना. फक्त सर, पुढच्या वेळी आदल्या दिवशी निघा.”

प्रज्ञेशने मोबाइल खिशात घातला. बाहेर पाऊस ओतत होता. रंगरावांनी घड्याळ नॅपकिनमध्ये गुंडाळलं, पिशवीत घातलं, डब्यात ठेवलं, आणि दारात येऊन आभाळाकडे पाहिलं.

“मुळीच नाही,” ते म्हणाले. “दीडलाच निघणार.”

“आणि छत्री, सर?” सत्यशीलाताईंनी विचारलं.

“तीही नाही,” असं म्हणून रंगराव धडफळे पायरी उतरून पावसात उभे राहिले.